डिस्ने वर्ल्डमध्ये रांग टाळायचा पास घ्यावा का? मुलं आणि आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांसाठी

ऑर्लँडोची विमान तिकिटं काढून झाली होती, साताऱ्याहून आलेल्या आई-बाबांसाठी मऊ तळाचे बूट आणून झाले होते, पार्कची तिकिटंही घेतली होती. डिस्नेचं अ‍ॅप मात्र मी पहिल्यांदा नीट उघडलं ते तिथे पोचल्यावर, हॉटेलच्या खोलीत, रात्री साडेदहाला. समोर लाइटनिंग लेनची, म्हणजे पास घेतलेल्यांसाठीच्या वेगळ्या रांगेची, तीन नावं : मल्टी पास, सिंगल पास, प्रीमियर पास. बायको म्हणाली, "एवढा खर्च केलाच आहे, तर हाही घेऊन टाक." घेऊन टाकला. सहाही जणांना मल्टी पास, आणि पुढचे चारही दिवस रोज तेच.

चार दिवसांनी हिशोब केला. दोन पार्कमध्ये पासाने दिवस तारला होता, तिसऱ्यात जेमतेम उपयोग झाला होता, आणि चौथ्यात घेतलाच नसता तरी काही अडलं नसतं. शिवाय चार दिवसांच्या पासांवर बाबा मोजून एका राइडमध्ये बसले, आई तीन. पुढच्या वर्षी पुण्याहून बहीण, मेहुणे आणि भाचा आले तेव्हा आम्ही निम्म्याहून कमी पैशांत जास्त राइड केल्या. या दोन फेऱ्यांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. हे सगळं फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचं आहे, म्हणजे मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम या चार पार्कचं.

१. जुने सल्ले आधी बाजूला ठेवा

तुमच्या ओळखीतलं कुणीतरी २०१५ किंवा २०१७ साली जाऊन आलेलं असतं आणि ते ठामपणे सांगतं, "अरे, पास फुकट असतो, फक्त आधी बुक करायचा." तेव्हा ते खरंच होतं. १९९९ मध्ये फास्टपास सुरू झाला तो कागदी चिठ्ठीच्या रूपात आणि फुकट. पुढे तो अ‍ॅपवर आणि मनगटावरच्या पट्ट्यावर आला, तरी पैसे पडत नव्हते. २०२० मध्ये करोनामुळे पार्क बंद झाले आणि ती सोय परत आलीच नाही. ऑक्टोबर २०२१ पासून पैसे देऊन घ्यायचा जीनी प्लस आला आणि जुलै २०२४ मध्ये त्याच्या जागी आताचे मल्टी पास आणि सिंगल पास आले. त्यामुळे कुणी 'फास्टपास' किंवा 'जीनी प्लस' या शब्दाने सल्ला सुरू केला, की चहा प्या, गप्पा मारा, पण टिपणं काढू नका.

२. तीन पास म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी

मल्टी पास : एका दिवसासाठी एका पार्कमधल्या बऱ्याचशा राइडना लागू. आधी तीन राइडच्या वेळा धरता येतात, त्यातली एक वापरली की पुढची धरायची, असं दिवसभर. एक राइड दिवसातून एकदाच. भाव तारखेप्रमाणे आणि पार्कप्रमाणे बदलतो. अ‍ॅनिमल किंगडमला शांत दिवशी माणशी पंधरा-सोळा डॉलर, तर नाताळच्या आठवड्यात मॅजिक किंगडमला चाळिशीच्या घरात. यावर साडेसहा टक्के कर वेगळा.

सिंगल पास : सगळ्यात मागणी असलेल्या मोजक्या राइड मल्टी पासात नसतातच, त्यांच्यासाठी वेगळे पैसे. मॅजिक किंगडममध्ये ट्रॉन आणि सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन, एपकॉटमध्ये गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी, हॉलिवूड स्टुडिओजमध्ये राइज ऑफ द रेझिस्टन्स, अ‍ॅनिमल किंगडममध्ये अवतार फ्लाइट ऑफ पॅसेज. एका राइडला माणशी साधारण १० ते २५ डॉलर, दिवसाला जास्तीत जास्त दोन. मल्टी पास न घेता नुसता सिंगल पास घेता येतो. पहिल्या फेरीत मला हे माहीतच नव्हतं.

प्रीमियर पास : वेळ धरायची कटकट नाही, लाइटनिंग लेन असलेल्या प्रत्येक राइडमध्ये कधीही जा, एकेकदा. २०२४ च्या शेवटी तो सुरू झाला तेव्हा मॅजिक किंगडमचा भाव माणशी ३२९ ते ४४९ डॉलर होता. चौघांचे धरले तर भारतात जाऊन येण्याचं एक तिकीट निघतं. याबद्दल मी पुढे काही लिहीत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. पास घेतला म्हणजे थेट आत, असं होत नाही. तिरुपतीला ३०० रुपयांचं विशेष दर्शनाचं तिकीट काढलं तरी रांग असतेच ना, तसंच. राइडपाशी दोन्ही रांगा एकत्र येतात तिथे पासवाल्यांना जास्त संख्येने सोडतात, म्हणून साधी रांग रेंगाळते. पासाच्या रांगेतही दहा-पंधरा मिनिटं धरून चाला.

३. कोणत्या पार्कला घ्यायचा?

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात, म्हणून जरा सविस्तर.

मॅजिक किंगडमला मल्टी पास घ्या. राइड भरपूर आहेत, त्यातल्या बऱ्याच लहान मुलांना चालणाऱ्या आहेत, आणि पीटर पॅन्स फ्लाइटसारखी जुनी राइड तासाला फार माणसं नेऊच शकत नाही, त्यामुळे तिची रांग कोणत्याही मोसमात लांबच. पास दिवसभरात सहा-सात वेळा वापरला जातो असा हा एकच पार्क.

हॉलिवूड स्टुडिओजलाही घ्या, मुलांची उंची पुरत असेल तर. राइड कमी, पण जवळजवळ प्रत्येकीला गर्दी. स्लिंकी डॉग डॅश, टॉवर ऑफ टेरर, टॉय स्टोरी मेनिया या तिन्ही साध्या रांगेतून केल्या तर जेवणाची वेळ उलटून जाते.

एपकॉटला बहुतेकांनी मल्टी पास घेऊ नये असं माझं मत आहे. गार्डियन्सचा सिंगल पास, आणि मुलीला एल्सा प्राणाहून प्रिय असेल तर सकाळी आधी फ्रोजनची रांग. बाकी एपकॉटची खरी मजा तळ्याभोवतीच्या अकरा देशांच्या मंडपांत आहे, आणि तिथे फिरायला पास लागत नाही. आई-बाबांना चारही पार्कमध्ये हाच आवडला. मोरोक्कोच्या मंडपातल्या फरशांचं काम बाबा अर्धा तास बघत बसले होते. बायको कुजबुजली, "या अर्ध्या तासाचेही पासाचे पैसे भरलेत आपण."

अ‍ॅनिमल किंगडमला घेऊच नका. जिची रांग खरोखर छळते ती फ्लाइट ऑफ पॅसेज मल्टी पासात येतच नाही. पार्क उघडताना पोचा, तिच्या रांगेत आधी लागा नाहीतर तिचा सिंगल पास घ्या, मग सफारी. सफारी सकाळीच करावी हे पासाशिवायही खरंच आहे, कारण ऊन चढल्यावर सिंहसुद्धा साताऱ्याच्या म्हशींसारखे सावलीला पडून असतात.

४. डोकी मोजा, मग उंची मोजा

पास सगळ्यांनी घ्यावा असं बंधन नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीटही लागत नाही आणि पासही. तीन वर्षांच्या पुढे मात्र पासाला मोठ्यांएवढाच भाव, लहान मुलांना सूट नाही. आणि ज्यांना राइडमध्ये बसायचंच नाही त्यांच्यासाठी घेऊ नका. बाबांचं सगळं पंढरपूरच्या मुखदर्शनासारखं होतं : लांबून पाहिलं, हात जोडले, बाकावर बसले. त्यांच्यासाठी मी चार दिवस पदस्पर्शाच्या रांगेचे पैसे भरत होतो.

आईंना विचारताना एक काळजी घ्या. "तू बसशील का?" असं विचारलं की त्या "बसेन की, तुम्ही म्हणाल तिथे" म्हणतात. राइडचा व्हिडिओ दाखवून विचारा. माझ्या आईने स्पेस माउंटनचा अंधार पाहिला आणि म्हणाली, "मी पर्स सांभाळते." चाळीस सेकंदांत एक पास वाचला.

उंची घरीच मोजा आणि इंचात लिहून ठेवा. ३८ इंच : स्लिंकी डॉग, सेव्हन ड्वार्फ्स. ४० : टॉवर ऑफ टेरर, राइज ऑफ द रेझिस्टन्स, टेस्ट ट्रॅक, सोअरिन. ४२ : गार्डियन्स. ४४ : स्पेस माउंटन, एक्स्पिडिशन एव्हरेस्ट, फ्लाइट ऑफ पॅसेज. ४८ : ट्रॉन. मी धाकटीला भिंतीला लावून पेन्सिलीची खूण केली ती बुटांसकट आणि केसांच्या अंबाड्यासकट, आणि '३८ झाली' म्हणून खूश झालो. हॉलिवूड स्टुडिओजमध्ये स्लिंकीची सकाळची वेळ धरली, ती वेळ मिळणं म्हणजे लॉटरीच. दारातल्या काठीखाली ती आली आणि वर दोन बोटं जागा उरली. काठीशी वाद घालता येत नाही. मुलगी इतकी रडली की तिकडे उभ्या असलेल्या अनोळखी आजीबाईंनी तिला स्टिकर काढून दिला.

५. कागदावर एकदा हिशोब करा

समजा सहा जणांची त्या दिवसाची तिकिटं १५० डॉलरच्या हिशोबाने ९०० डॉलर. पार्क बारा तास उघडा, म्हणजे कुटुंबाचा एक तास ७५ डॉलरला पडतो. मल्टी पास ३० डॉलर असेल आणि चौघांनाच घेतला, तर १२० आणि कर धरून १२७ डॉलर ८० सेंट. म्हणजे पासाने पावणेदोन तास वाचवले की पैसे वसूल. मॅजिक किंगडममध्ये गर्दीच्या दिवशी पीटर पॅन आणि जंगल क्रूझ या दोनच राइडमध्ये एवढा वेळ वाचू शकतो. आणि हे चौघे रांगेत असताना आजी-आजोबा बाकावर वाट बघत असतात, तेव्हा वाचलेला वेळ त्यांचाही असतो.

हाच हिशोब उलटाही येतो. जानेवारीच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये, शाळा सुरू असताना, आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर बऱ्याच रांगा अर्ध्या तासाच्या आत असतात. तेव्हा तेवढे पैसे संध्याकाळच्या जेवणाला ठेवा. स्प्रिंग ब्रेक (मार्च-एप्रिलमधली शाळांची सुट्टी), थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरच्या शेवटी) आणि नाताळ ते नवीन वर्ष या काळात मात्र वाद घालू नका, घ्या.

६. आधीपासून तयार ठेवायचं सामान

- माय डिस्ने एक्स्पिरियन्स अ‍ॅप, एकाच्याच नावाचं खातं, आणि त्यात सगळ्यांची नावं जोडलेली.
- प्रत्येकाचं तिकीट त्या खात्याला जोडलेलं. तिकीट जोडल्याशिवाय पास विकत घेता येत नाही, आणि ही जोडाजोड सकाळी सात वाजता करायची नसते.
- क्रेडिट कार्ड अ‍ॅपमध्ये आधीच भरलेलं. भारतातलं कार्ड असेल तर परदेशी व्यवहार चालू करून ठेवा, आणि ओटीपी कोणत्या नंबरवर येतो ते तपासा. मेहुण्यांचा ओटीपी पुण्यात घरी ठेवलेल्या फोनवर जात होता.
- प्रत्येकाकडे टॅप करायला काहीतरी : प्लास्टिकचं कार्ड, मॅजिकबँड (मनगटावरचा पट्टा) किंवा फोन. अमेरिकन सिम नसलेल्या आई-बाबांना कार्डच बरं.
- मुलांची उंची लिहिलेला कागद. बुटांसकट मोजून लबाडी केलेला नाही, खरा.
- पॉवर बँक. दिवसभर अ‍ॅप चालू राहिलं की फोन दुपारी दोनला मान टाकतो.
- चिवडा, थेपले, दशम्या. बाहेरचं खाणं आत नेता येतं, काचेची भांडी आणि दारू चालत नाही. बर्फाचं पाणी खाण्याच्या काउंटरवर फुकट मिळतं, मागायला लाजू नका.

पास अ‍ॅपमध्येच घ्या. कुणी बाहेर स्वस्तात देतो म्हणत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

७. बुकिंगची सकाळ

डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी बुकिंग उघडतं, तेही पूर्ण मुक्कामाचं एकदम. बाहेरच्या हॉटेलात राहणाऱ्यांना, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांना, पार्कच्या दिवसाच्या तीन दिवस आधी, एकेका दिवसाचं. वेळ सकाळी सातची, पण ती फ्लोरिडाची. कॅलिफोर्नियात असाल तर पहाटे चार. भारतातून धरणार असाल तर उन्हाळ्यात दुपारी साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे बहिणीला हे काम ऑफिसच्या चहाच्या सुट्टीत करता आलं, आणि माझा गजर वाचला.

पावणेसातलाच अ‍ॅप उघडून लॉगिन झालेलं असू द्या. सातच्या ठोक्याला माणसं निवडायची, पार्क निवडायचा, मग राइड.

इथे एक खोच आहे. मॅजिक किंगडम, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजमध्ये राइडचे दोन गट केलेले आहेत. आधीच्या तीनपैकी पहिल्या गटातली एकच घेता येते, उरलेल्या दोन दुसऱ्या गटातल्या. पीटर पॅन, जंगल क्रूझ, टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर, स्पेस माउंटन या सगळ्या मॅजिक किंगडमच्या पहिल्या गटात आहेत. अ‍ॅनिमल किंगडमला गट नाहीत. ही गटांची अट फक्त आधीच्या तीन निवडींना आहे. पार्कमध्ये जाऊन पहिली वापरली की पुढची कोणत्याही गटातली धरता येते.

म्हणून सगळा खेळ पहिल्या वेळेवर आहे. पहिली वेळ सकाळी साडेनऊची मिळाली तर चौथी राइड तुम्ही दहाच्या आत शोधायला लागता. तीच दुपारी बाराची धरलीत तर सकाळभर पास खिशात नुसता झोपून राहतो. पहिल्या फेरीत मी 'सकाळी सावकाश उठू' म्हणून तिन्ही वेळा दुपारच्या धरल्या होत्या. पैसे दिलेला दिवस अडीच वाजता सुरू झाला.

हवी ती वेळ मिळाली नाही तर मिळेल ती धरा आणि नंतर बदला. बदलायची सोय अ‍ॅपमध्येच आहे, आणि कुणीतरी सोडलेल्या वेळा दिवसभर येत राहतात.

८. दुसऱ्या गटातल्या दोन निवडी वाया घालवू नका

हॉन्टेड मॅन्शन, पायरेट्स, इट्स अ स्मॉल वर्ल्ड या मॅजिक किंगडममधल्या राइड तासाला पुष्कळ माणसं नेतात. त्यांची साधी रांगही सरकत असते, सकाळी किंवा रात्री तर फारच. त्यांच्यावर पास लावला की दहा मिनिटं वाचतात आणि एक जागा अडते. मात्र फ्लोरिडाचं ऊन हा वेगळा मुद्दा आहे : जूनमध्ये दुपारी एक वाजता वीस मिनिटंही उन्हात उभं राहावं लागणार असेल, तर मी पास लावेन आणि कुणाला उत्तर देणार नाही.

उन्हाळ्यातल्या दुपारी वीज आणि गडगडाटासह पाऊस येतोच, कोकणातल्या वळवासारखा. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. स्लिंकी, एक्स्पिडिशन एव्हरेस्टसारख्या बाहेरच्या राइडच्या वेळा म्हणून सकाळच्या धरा, दुपार छपराखालच्या राइडसाठी ठेवा. तुमच्या वेळेतच राइड बंद पडली तर मल्टी पासवाल्यांच्या अ‍ॅपमध्ये तिच्याऐवजी दुसऱ्या काही राइडमध्ये जायची परवानगी येते. ती आली का ते बघा, गोंधळून निघून जाऊ नका.

९. पार्कमधला दिवस

मॅजिक किंगडमला गाडीने किंवा उबरने जाणार असाल तर तुम्ही पार्कच्या दारात उतरत नाही. तळ्याच्या अलीकडच्या तिकीट केंद्रापाशी उतरता, तिथून मोनोरेल किंवा बोट. सुरक्षा तपासणी धरून पाऊण तास हाताशी ठेवा. साडेनऊची वेळ धरून नऊला गाडी लावणारी कुटुंबं मी धावताना पाहिली आहेत. त्यातलं एक आमचंच.

धरलेली वेळ एक तासाची असते. पाच मिनिटं आधी आणि साधारण पंधरा मिनिटं उशिरापर्यंत सोडतात, पण त्या पंधरावर दिवस उभा करू नका. दारात टॅप करायचं, बऱ्याच राइडना पुढे पुन्हा एकदा. आणि आतल्या रांगेत उभं असतानाच पुढची वेळ धरायची.

टॅप करायची कार्डं कुणाकडे आहेत, हे प्रत्येक राइडआधी मोठ्याने विचारा. जंगल क्रूझच्या दारात पोचलो तेव्हा दोन्ही मुलांची कार्डं आजीच्या पर्समध्ये होती, आजी आइसक्रीमच्या रांगेत होती, आणि आइसक्रीमची रांग कोणत्याही पासाने टळत नाही.

लहान मूल उंचीत बसत नसेल तर दारातल्या माणसाला 'रायडर स्विच' हवं म्हणून सांगा. एक मोठा माणूस मुलाजवळ थांबतो, बाकीचे जाऊन येतात, मग थांबलेला माणूस पुन्हा पूर्ण रांग न लावता जातो. याचे पैसे नाहीत. स्लिंकीपाशी मुलगी रडत असताना आम्हाला हे तिथे काम करणाऱ्या मुलीनेच सांगितलं.

आई-बाबांसाठी एक सूचना, कारण हा सल्ला प्रत्येक भिशीत फिरतो : "व्हीलचेअर घ्या, रांग लागत नाही." लागते. बहुतेक राइडना व्हीलचेअर साध्या रांगेतूनच जाते. रांगेत उभं राहण्यातून सूट देणारी जी वेगळी सोय आहे ती ऑटिझमसारख्या विकासात्मक अक्षमता असणाऱ्यांसाठी आहे, आणि तिची नोंदणी आधी व्हिडिओ कॉलवर करावी लागते. गुडघे दुखतात म्हणून व्हीलचेअर जरूर घ्या, दिवसाला पंधरा हजार पावलं सहज होतात. पण ती गुडघ्यांसाठीच.

आणखी एक, पासाच्या किमतीत न लिहिलेला खर्च. ज्याच्या हातात अ‍ॅप आहे तो माणूस दिवसभर खाली मान घालून असतो. पहिल्या फेरीच्या तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "किल्ल्यासमोर उभा आहेस आणि फोनमध्ये किल्ला बघतोयस." दुसऱ्या फेरीत आम्ही पाळ्या लावल्या : जेवणापर्यंत मी, जेवणानंतर मेहुणे.

१०. पास न घेता किती मिळतं?

बरंच. पार्क उघडायच्या अर्धा तास आधी दारात असाल तर पहिल्या तासात दोन मोठ्या राइड होतात. फक्त एवढं लक्षात ठेवा की डिस्नेच्या हॉटेलातले लोक रोज अर्धा तास आधी आत सोडलेले असतात, त्यामुळे सेव्हन ड्वार्फ्सपाशी तुम्ही पहिले नसाल.

एकेकट्याने बसायची तयारी असेल तर एक्स्पिडिशन एव्हरेस्ट, मिलेनियम फाल्कन, टेस्ट ट्रॅक यांना 'सिंगल रायडर' रांग असते. मोठ्या मुलांना हे चालतं, नऊ वर्षांच्या माझ्या मुलाला मात्र अनोळखी माणसाशेजारी बसायचं नव्हतं.

आणि रात्र. पार्क बंद व्हायच्या एक मिनिट आधी रांगेत शिरलात तरी राइड मिळते. आतषबाजी सुरू असताना आणि ती संपल्यावर लहान मुलांची कुटुंबं निघतात, रांगा ओसरतात. दुसऱ्या फेरीत सेव्हन ड्वार्फ्सचा सिंगल पास न घेता आम्ही शेवटच्या दहा मिनिटांत रांगेत शिरलो. पाटीवर तासाभराची रांग लिहिली होती, आम्ही पस्तीस मिनिटांत बसलो. भाचा तोवर मेहुण्यांच्या खांद्यावर झोपला होता, पण राइड सुरू झाल्यावर उठला.

११. ऑर्लँडोतच युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कनाही जाणार असाल तर

तिथल्या पासाचं नाव एक्स्प्रेस, आणि वेळ धरावी लागत नाही. तो सुटा घेण्याआधी हॉटेलचे भाव बघा. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहिलं की खोलीतल्या सगळ्यांना अमर्याद एक्स्प्रेस मिळतो, आणि तो खोली घ्यायच्या आणि सोडायच्या अशा दोन्ही दिवशी चालतो. म्हणजे एका रात्रीत दोन दिवस. चौघांच्या सुट्या पासांपेक्षा ही एक रात्र पुष्कळदा स्वस्त पडते. मे २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या नव्या पार्कला हॉटेलबरोबरचा हा फायदा लागू नाही, तेव्हा दिवस ठरवताना तो पार्क वेगळा धरा.

कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडला आधी तीन वेळा धरायची पद्धत नाही. पार्कात शिरल्यावरच पहिली वेळ धरता येते, त्यामुळे पहाटेचा गजर लावायचीही गरज नाही. तिकडे निघालेल्या मित्राने मला हे विचारलं तेव्हा मी त्याला एवढंच सांगितलं, आणि मुलांना आधी अनवाणी मोजायला लावलं.